उस पारची माती

देवश्रीने रणगाड्याच्या साखळीपट्ट्याचा सुटा तुकडा ओल्या चिखलात दाबला, मनात पाच आकडे मोजले आणि अलगद उचलला. चिखलात पट्ट्याचे दात स्वच्छ उमटले. वीतभर लांबीच्या रणगाड्यामागे आता तसे दोन खोल चर होते, आणि ते जिथे संपत होते तिथे रणगाडा पोटापर्यंत रुतला होता. बोटाएवढे तीन सैनिक फावडी घेऊन त्याच्याकडे हताशपणे बघत होते.

लढायांच्या प्रतिकृती मांडणाऱ्या पुण्याच्या एका संग्रहालयाने तिला स्पष्टच लिहिलं होतं, रणगाडे जोडणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, जमीन करणारं कुणी नाही. सोमवारी एक नमुना घेऊन या. जमीन करण्याची कला देवश्रीच्या हातात होती. थर्माकोलवर प्लास्टर, त्यावर सपिटाच्या चाळणीतून चाळलेला गाळ आणि फेविकॉल, वाळवलेली चहाची पत्ती, सुतळीच्या धाग्यांचं गवत. शाळेत चित्रकला शिकवून उरलेला सगळा वेळ ती या चिखलात घालवी. चौतिसाव्या वर्षी हाच चिखल तिला काशीतल्या दुर्गाघाटाच्या गल्लीतून बाहेर काढणार होता.

"ही माती कुठली?"

दारात नाना उभे होते. काशीनाथशास्त्री, तिचे वडील, नुकतीच संध्या आटोपून आलेले.

"संकठा घाटावरची. पूर ओसरला तेव्हा आणली होती."

"आणि हे पुण्याला जाणार?"

"हो, शनिवारी. सांगितलंय तुम्हाला."

"तू जा. माती नाही जायची. काशीची मिट्टी काशीबाहेर नेत नाहीत. तिच्यात जे जीव असतील त्यांचा मोक्ष चुकतो."

"चाळलीय मी, नाना. तव्यावर भाजलीय. एक जीव उरला नाही तिच्यात."

"तुला दिसला नाही, एवढंच म्हण."

"किड्यामुंगीच्या मोक्षाची तुम्हाला फिकर, आणि मी इथे अडकून पडले त्याचं काहीच नाही!"

नाना आत गेले. त्यांची ही जुनी रीत होती. एकदा शब्द टाकला की तो परत उचलायचा नाही.

सहा वर्षांपूर्वी, आई गेल्यावर, त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही, एवढंच ते व्रत. सख्खी बहीण प्रयागला अंथरुणाला खिळली तरी नाना गेले नाहीत. नावेतसुद्धा पाय ठेवला नाही, कारण गंगेचा पलीकडचा काठ, म्हणजे 'उस पार', काशीत मोजत नाहीत. तिकडे मेलं तर गाढवाचा जन्म येतो, हे घाटावर कुणीही सांगेल. नाना व्रताला बांधलेले आणि देवश्री नानांना. व्रत एकाने घ्यावं आणि दोघांनी पाळावं, असा हा मामला होता. दोन वर्षांपूर्वी दिल्लीहून अशाच कामाचं बोलावणं आलं तेव्हा तिने आपणहून नकार कळवला. या वेळी शेजारच्या मधुराकाकूंनी नानांचं दोन वेळचं जेवण अंगावर घेतलं होतं, तर आता माती आडवी आली. न सांगता नेली असती, तर नानांनी अन्न सोडलं असतं. तेवढे ते हट्टी होतेच.

शुक्रवारी सकाळी तिने सुरी घेतली आणि सगळी जमीन खरवडून काढली. मग नुसतं पांढरं प्लास्टर पुढ्यात घेऊन बसली. काशीत काशीबाहेरची माती आणायची कुठून? गच्चीवरच्या कुंडीतली काशीचीच, माळ्याकडची काशीचीच. तिला हसू आलं आणि त्याच दमात रडू आलं. फोनवर तिने लिहिलं, 'घरगुती अडचणीमुळे येऊ शकत नाही.' मात्र तो निरोप धाडायला अंगठा काही उचलेना.

दहा वाजले तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की स्नानाला गेलेले नाना अजून परतले नाहीत. रोज आठाच्या आत येत. वरण निवून गेलं. ती चपला घालणार, तेवढ्यात जिन्यात काठी वाजली.

नानांनी हातातली कापडी पिशवी तिच्यापुढे ठेवली. चांगलीच जड होती.

"उस पारची आहे. ही चालेल."

रोज समोर दिसणारा तो काठ देवश्रीला सुचलाच नव्हता. तिने मूठ भरून घेतली. करड्या मातीत वाळू होती, उन्हात चमचम करणारी.

"कुणाकडून आणवलीत?"

"नावेवाल्या मल्लाहाला सांगितलं असतं तर त्याने इथलीच पायरीखालची भरून दिली असती. त्याला काय फरक पडतो."

तिने खाली पाहिलं. धोतराचा काठ ओला होता, आणि नानांच्या दोन्ही पावलांवर, बोटांच्या बेचक्यात, तीच चमचमती वाळू चिकटली होती. तिचे डोळे भरून आले.

"नाना, तिकडे काही झालं असतं तर?"

"तर गाढव झालो असतो. तुझं सामान तरी वाहिलं असतं."

ते ओट्यावर टेकले आणि पाय धुवायला त्यांनी तांब्या ओढला.

"थांबा," ती म्हणाली.

तिने आपला सर्वांत मऊ ब्रश आणि एक कोरा कागद आणला. कागद पायाखाली सरकवून ती ब्रशने वाळू झाडू लागली, एकेका बोटाच्या मधली.

"गुदगुल्या होतात गं."

"हलू नका."

नाना तिच्या डोक्यावरून पांढऱ्या प्लास्टरकडे आणि आडव्या पडलेल्या तीन सैनिकांकडे बघत राहिले.

"उद्याची गाडी किती वाजता?"

"संध्याकाळी."

"पुण्यात जिना नसलेलं घर मिळतं का?"

देवश्रीचा ब्रश क्षणभर थांबला.

"मिळेल," ती म्हणाली, आणि तिने त्यांना दुसरा पाय पुढे करायला सांगितला.