पडवीतली परीक्षा

आमच्याकडे शेवगावात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि नाटकांचा हंगाम मागेपुढे सुरू होतो. कारखान्यांचा सगळ्यांना ठाऊक असतो, नाटकांचा मुद्दाम सांगावा लागतो. नाताळानंतरचे चार रविवार, संध्याकाळी सहा वाजता, मिशन शाळेच्या सभागृहात आमच्या रविवार नाट्य मंडळाची चार नाटकं लागतात. तीन जुने फार्स आणि एक कोरं करकरीत नवं नाटक. हे नवं नाटक गेली छत्तीस वर्षं मी लिहीत आलो. मी म्हणजे यशया मास्तर, याच शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला. स्वभावानं तापट आहे असं लोक म्हणतात. लोकांनी एकदा माझ्या वर्गातली मुलं सांभाळून बघावीत.

नवं नाटक स्टेजवर चढण्याआधी त्याला एक परीक्षा द्यावी लागते. ती होते आक्काबाईच्या पडवीत. त्याचं कारण आमच्या अगदी पहिल्या प्रयोगात आहे. एकोणनव्वद साली आमचा पहिला फार्स लागला तेव्हा सभागृह गच्च भरलं, पण हसायला कुणी तयार नव्हतं. चर्चची दुरुस्ती चालू असल्यामुळे सकाळची उपासना त्याच सभागृहात झाली होती आणि संध्याकाळी पहिल्या रांगेत खुद्द पाळकसाहेब बसले होते. सकाळी जिथं मान खाली घालून प्रार्थना केली, तिथंच संध्याकाळी दात काढायचे कसे? पहिला अंक संपत आला तरी हूं नाही की चूं नाही. मी विंगेत उभा, रडायचा तेवढा बाकी. एवढ्यात दाराशी एक बाई खदखदून हसली. ती आक्काबाई. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून बोर्डिंगला दूध घालायला आली होती आणि दुधाची किटली हातात घेऊन तशीच उभी राहिली होती. पाळकसाहेब कोण, हे तिच्या गावीही नव्हतं. तिचं हसू ऐकून आधी पाळकसाहेब हसले आणि मग अख्खं सभागृह.

तेव्हापासून ठरून गेलं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी नवं नाटक घेऊन आक्काकडे जायचं. तीन सायकलींवर सहा जण जायचो आम्ही. ती पडवीत घोंगडी अंथरून ठेवायची, भाजलेल्या शेंगांचं सूप मधे सरकवायची आणि म्हणायची, ‘हं मास्तर, करा सुरू.’ मी वाचायचो. जिथं ती हसली तिथं वहीत पेन्सिलीनं बरोबरची खूण, जिथं नाही हसली ते वाक्य बाद. दोन-दोनदा वाचायला लावायची एखादी जागा, आणि दुसऱ्यांदाही तितकंच हसायची. त्या सहांतले तिघं आता वरच्या वर्गात गेले. ती घोंगडी, ती शेंगांची टरफलं आणि ते हसू आठवलं की अजून मी चष्मा पुसायला घेतो. वय झालं की काचा धुरकटतातच, त्यात लपवायचं काय?

गेली तीन वर्षं मात्र काहीतरी बिनसलं होतं. पडवीत आक्का पोट धरून हसायची आणि सभागृहात तेच नाटक लागलं की लोक जांभया द्यायचे. मी मोबाईलला दोष दिला, ध्वनिक्षेपकाला दिला, डॅनीच्या दिग्दर्शनाला तर दिलाच दिला. डॅनी म्हणजे आमच्या सहांतल्या एकाचा मुलगा. बापामागं मंडळ तोच बघतो. यंदा दिवाळीत तो घरी आला, लाडू खाल्ला आणि चाचरत म्हणाला, ‘सर, राग मानू नका. यंदाचं नवं नाटक अश्विनीचं करू या का?’

अश्विनी माझीच विद्यार्थिनी. बँकेत नोकरी करते आणि एकांकिका लिहिते. मी आवाज चढाच ठेवला. ‘आक्काकडे होऊन जाऊ दे,’ म्हटलं. ‘दोन्ही नाटकं वाचू. जे पास होईल ते लागेल.’

माझं नाटक घरमालक आणि भाडेकरूचं होतं. त्यात बहिरा मामा होताच. माझ्या प्रत्येक नाटकात एक बहिरा मामा असतो. घरमालक ‘भाडं द्या’ म्हणतो आणि मामा आतून भांडं आणून देतो. आक्का हसली. मामा पातेलं देतो, हसली. मामा तपेलं देतो, तेव्हा तर तिनं पदर तोंडाला लावला. मग अश्विनीनं वाचायला घेतलं. वाचताना अभिनय करायचा नाही, शब्दांनीच हसवायचं, असं ती कुठल्याशा शिबिरात शिकून आली होती. ताठ बसून, वहीतून मान वर न करता तिनं सगळं नाटक वाचलं. माझं लक्ष तिच्या वाक्यांकडे नव्हतंच, मी आक्काकडे बघत होतो. आक्का एकदाही हसली नाही. अश्विनीनं वही मिटली, पिशवीत घातली आणि शेंगा सोलत बसली. एकही शेंग तिनं तोंडात टाकली नाही. आणि मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं.

डॅनीच्या मोटारसायकलवर मागं बसून ओढ्याच्या पुलापर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं, चष्म्याचं घर पडवीतच राहिलं. त्याला तिथंच थांबवून मी पायी परत गेलो.

आक्का माझ्याकडे पाठ करून कपबशा विसळत होती. ‘आक्का,’ मी हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. विजयाच्या भरात होतो, म्हणून नाटकातल्या घरमालकाच्या आवाजात ओरडलो, ‘आक्का, भाडं द्या!’ ती विसळतच राहिली. तिनं वळून मला पाहिलं तेव्हा तिच्या हातातली बशी सुटली.

‘मास्तर! लई घाबरवलंत. च्या ठिवू का?’

मी मान दुसरीकडे फिरवून विचारलं, ‘आक्का, तुम्हाला ऐकू येत नाही ना?’ उत्तर आलं नाही. मग तिच्यासमोर जाऊन मी माझ्या कानाला हात लावला.

ती खाली बसली. मीही बसलो.

‘तीन वरसं झाली,’ ती म्हणाली. ‘पोरानं मशीन आनलं हुतं. नुस्तं घूं घूं करतंय. डब्यात ठिवलंय.’

‘मग हसता कशा?’ मी सावकाश, तोंड नीट उघडून विचारलं.

‘तुमच्याकडं बघून. गंमत यायची असली की तुमची डावी भुवई वर जाती, अन् तुमी मान वर करून माज्याकडं बघता. मंग मी हासती.’ ती ओशाळून हसली. ‘त्या पोरीचं तोंड म्हंजी दगूड. काय बी कळंना.’

ती पुढं सरकून म्हणाली, ‘कुनाला सांगू नका, मास्तर. म्हातारीला ऐकू येत न्हाई म्हनलं की समदी यायची बंद हुतील. वरसातला ह्यो एकच दिस हाय माजा.’

‘एवढा वेळ काय करत होता?’ डॅनीनं पुलावर विचारलं. ‘चहा घेतला,’ मी म्हणालो. चष्म्याचं घर पुन्हा राहिलंच.

चार दिवस मी नाटकाची वही उघडली नाही. तीन वर्षं मी माझ्याच भुवईकडून पास होत होतो. आणि एका बहिऱ्या बाईसमोर बसून बहिऱ्या मामाचे विनोद वाचत होतो, ती हसली की वहीत खुणा करत होतो. या गोष्टीची मला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कशाची वाटली नसेल. गप्प बसलो असतो तर यंदा माझंच नाटक लागलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. खरं सांगितलं असतं तर आक्काची पडवी कायमची रिकामी झाली असती. आणि वही पिशवीत घालणारी ती पोरगी काही डोळ्यांसमोरून हलेना. एकोणनव्वद साली विंगेत मी तसाच उभा होतो.

मंडळाच्या बैठकीत मी जाहीर केलं, ‘अश्विनीच्या नाटकाची पुरवणी परीक्षा घेऊ. आणि वाचणार मी.’

अश्विनी डॅनीकडे बघायला लागली. मास्तर आता माझ्या नाटकाचा मुडदा पाडणार, असं तिच्या तोंडावर लिहिलेलंच होतं. ती फार चुकत होती असंही नाही. मी भुवई मुद्दाम उडवणार नव्हतो. सरळ वाचायचं, पडलं तर पडलं, असं मी मनाशी ठरवलं होतं, आणि मनाच्या एका कोपऱ्यात ते पडावं अशीच इच्छा होती.

पुढच्या रविवारी पुन्हा पडवीत बसलो. नाटकाचं नाव ‘मांडव चुकला’. अकोल्याहून निघालेलं वऱ्हाड भलत्याच मांडवात उतरतं आणि नवरदेवाचे काका तिथं मानपानावरून भांडण काढतात. तिथली गरीब माणसं घाबरून त्यांना टॉवेल-टोपी देतात. काका टोपी डोक्यावर घालून बघतात आणि म्हणतात, ‘घट्ट होतेय. दुसरी दाखवा.’

माझे काका आठवले मला. डिट्टो. भुवई माझ्या ताब्यात राहिली नाही, मान आपोआप वर झाली आणि समोर आक्का खदखदून हसली. पुढं तर मला वाचताच येईना. एक ओळ वाचायची, चष्मा काढायचा, डोळे पुसायचे. आक्का हसत होती, डॅनी हसत होता, आणि अश्विनी नुसती रडत होती. मला कधीच असं लिहायला जमलं नव्हतं, हे कळायला मला ते मोठ्यानं वाचावं लागलं. नाटक पास झालं.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी प्रयोग लागला. पहिल्या रांगेत, पूर्वी पाळकसाहेब बसायचे तिथं, मी आक्काला बसवलं. शेजारची माझी खुर्ची तिच्याकडे तोंड करून फिरवून घेतली.

‘सर, स्टेज तिकडं आहे,’ डॅनी म्हणाला.

‘मला शिकवू नकोस,’ मी म्हणालो.

पूर्ण दोन अंक मी स्टेजकडे पाहिलं नाही. ऐकत होतो आणि आक्काकडे बघत होतो. ती एकदा स्टेजकडे बघायची, एकदा माझ्याकडे. हसू आधी मला यायचं, मग तिला, आणि तिच्यामागं सगळ्या रांगांना. किती वर्षांनी ते सभागृह तसं दणाणलं. दाराशी किटली घेऊन ती उभी होती तो दिवस आठवला आणि हसता हसता मला रडू आलं, पण त्या गोंधळात ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्रयोगानंतर डॅनीच्या गाडीतून आक्काला सोडायला गेलो. पडवीतला दिवा लावून तिनं कोनाड्यातलं, पुरवणी परीक्षेच्या दिवशीही राहूनच गेलेलं माझं चष्म्याचं घर काढून हातात दिलं.

‘आज लई हासलात, मास्तर,’ ती म्हणाली. ‘तुमच्या सोताच्या नाटकाला असं कदी हासला न्हाईत.’

‘हे कळत होतं, तर मग तुम्ही का हसायच्या?’ मी तिच्यासमोर उभा राहून विचारलं.

‘तुमी मान वर करून माज्याकडं बघायचात न्हवं,’ ती म्हणाली. ‘मंग कसं नगं म्हनायचं?’

माझी भुवई वर गेली असावी, कारण ती हसली.