सर आल्याशिवाय

सत्तरी ओलांडलेल्या आत्याबाईंनी वर्गाच्या दारापर्यंत मजल मारली आणि तिथेच त्या अडल्या. आत पोरांचा गलका चालला होता, दार सताड उघडं होतं, अडवणारं कुणी नव्हतं. तरी पाऊल काही उचलेना.

भाचीचा आज प्राध्यापक म्हणून पहिला दिवस. "आत्या, तू जाऊन पुढच्या बाकावर बस, मी आलेच," असं सांगून ती गेली होती. आत्याबाईंची हौसही तेवढीच. या कॉलेजात पुढच्या बाकावर बसायचं आणि एक तास सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा. बास. त्यासाठी गुडघ्यांची मनधरणी करत त्या जिने चढून आल्या होत्या.

हे कॉलेज आधी फक्त बड्या घरच्या मुलांचं. मग बड्या घरच्या मुलींना घेतलं, पण नियम घालून. मुलींनी जिन्याखालच्या खोलीत थांबायचं, सर आले की त्यांच्या मागून वर्गात शिरायचं, तास संपला की त्यांच्या मागून बाहेर. आणखी काही वर्षांनी शिंप्याच्या पोरीलाही, म्हणजे आत्याबाईंना, प्रवेश मिळाला. खोलीतल्या बाकावर मात्र त्यांच्यासाठी कुणी सरकलं नाही. त्या उभ्यानेच वाट बघायच्या आणि सगळ्यांत शेवटी आत जायच्या. तोवर सरांचं पहिलं वाक्य होऊन गेलेलं असायचं. वर्षभर असं चाललं. मग वडिलांचे डोळे अधू झाले आणि पोरगी शिलाई मशीनला जुंपली गेली. कॉलेज सुटलं ते सुटलंच. त्याचा राग यायचा तेवढा येऊन गेला होता. आता नुसता शीण उरला होता.

तर आत्याबाई सवयीने सरांची वाट बघत राहिल्या. भाची पलीकडच्या दाराने आत गेली, या बाजूचं दार कुणीतरी लोटलं आणि तास सुरू झाला. बाहेर आवाज येत होता, शब्द लागत नव्हते. दार ढकलायचं धाडस त्यांना झालं नाही.

तास संपल्यावर भाची धावतच आली. "अगं, होतीस कुठे? सारखी दाराकडे बघत होते मी!"

"सर यायची वाट बघत होते," आत्याबाई ओशाळून म्हणाल्या.

"कुठले सर? सर म्हणजे मीच ना!"

"ते डोक्याला कळतं गं. पायांना कोण सांगणार? दमले मी आता. घरी सोड मला."

भाचीला हसावं की रडावं कळेना. "समोरच्या वर्गावर अजून एक तास आहे माझा. चल."

दारापाशी येऊन ती थांबली. "हो पुढे."

"तू हो. मी येते मागून."

"तू गेल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही. बसू देत पोरं ताटकळत."

हट्टाच्या बाबतीत पोर थेट आजोबांवर गेली होती. वाद घालायचंही त्राण नव्हतं. आत्याबाईंनी चष्मा सारखा केला, मान खाली घातली आणि उंबरा ओलांडला.

बाकं करकरली. सगळा वर्ग उठून उभा राहिला. या पोरांनी नव्या मॅडमना अजून पाहिलं नव्हतं. जी आधी आत आली तीच मॅडम, असं त्यांनी धरलं.

आत्याबाई लगबगीने बाजूला झाल्या, मागून येणाऱ्याला वाट द्यायला. वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. भाची अजून दाराबाहेरच उभी होती.