जेलीत राहिलेली बातमी

मित्रांनो, वसईतल्या एका वाडीच्या घरात माळ्यावर पडलेले मी जेलीचे जुने तबक. जांभळ्या शाईने लिहिलेला कागद माझ्या पाठीवर दाबायचा. अक्षरे मी शोषून घेते. मग कोरे कागद लावून तीस-चाळीस प्रती काढायच्या. खोड एकच, घेतलेले अक्षर मी दिवसभर सोडत नाही.

माझे मालक प्राध्यापक विद्याधर मुंबईच्या कॉलेजात पत्रकारिता शिकवत. विषय नवा. "बातम्या लिहायला कॉलेज कशाला?" असे लोक हिणवत. सर मात्र दर आठवड्याला विद्यार्थ्यांसाठी सरावाची खोटी बातमी रचत, माझ्यावर छापत आणि माझे भारी कौतुक करत.

१९५३च्या श्रावणात एका पहाटे त्यांनी बातमी रचून माझ्यावर छापली, 'खाडीचा बांध फुटला.' खाडीकाठचा शेतकरी श्रीपत त्याच सकाळी पूजेची फुले न्यायला आला. सरांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंनी एका खराब प्रतीतच सोनचाफा बांधून दिला.

दुपारी शेजारचा मायकल धापा टाकत आला. "विद्याधरभाऊ, खाडीवरचा गाव घरे सोडून हालतोय. बातमी तुमच्याच कागदावरची, म्हणतात."

सर ताडकन उठले. संध्याकाळी मोठी भरती होती. धावपळीत कोणी बुडाले तर? त्यांनी मला घाईघाईने पुसले आणि नवा कागद दाबला, 'बांध शाबूत आहे.' आधीचे अजून आत आहे, थांबा, असे मला ओरडायचे होते. भीतीने मी गारठून गेले, पण तबकाला कुठले तोंड? मायकल प्रती घेऊन सायकलवरून गेला.

पुढचे श्रीपतच्या तोंडून कळले. त्याची म्हातारी आई धोंडूबाई तोवर घर सोडायला तयार नव्हती. पण नव्या कागदावर, नव्या अक्षरांच्या मागे, फिकट जांभळे उमटले होते, 'बांध फुटला.'

"खरा पुसून वर लिवलाय," कोणीतरी म्हणाले.

मग धोंडूबाईही धावली. चिखलात पडली आणि तिच्या कंबरेचे हाड मोडले.

सर स्वतः तिकडे गेले, दारोदार सांगत फिरले. खाटेवरून धोंडूबाईने विचारले, "पानी आलाच नाय मास्तर. मंग मी धावली कशाला?"  घरी येऊन सर प्रमोदिनीबाईंसमोर रडले.

पुढे ते विभागप्रमुख झाले. दरवर्षी नव्या मुलांचा पहिला तास ते धोंडूबाईच्या खाटेपाशी घेत. मला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही. माळ्यावर कागद सळसळला तरी मला अजून धडकी भरते.

मित्रांनो, कोणी हाती बातमी दिली, तर पुढे देण्याआधी बांधापर्यंत चालत जाऊन या. धोंडूबाईला तेवढे पुन्हा कधी चालता आले नाही.