तो डाग माझा होता

मित्रांनो, मी अहमदपूरच्या एका घरातला जुना लॅपटॉप आहे. कुठल्या दूरच्या कारखान्यात जन्मलो ते नीट आठवत नाही. आठवतं ते लातूरचं दुकान. मनस्विनीच्या अकरावीसाठी तिचे आजोबा अनंतराव मला घेऊन आले. घरी येताच मला हळदकुंकू लागलं, समोर पेढा ठेवला गेला, शेजारीपाजारी बघून गेले. कौतुकाचे दिवस होते ते. पुढे मनस्विनी नांदेडला कॉलेजात गेली, तिला नवा लॅपटॉप मिळाला आणि मी तिच्या आजीच्या, म्हणजे इंदूबाईंच्या वाट्याला आलो.

इंदूबाई निवृत्त शिक्षिका. त्यांची नजर जात चालली होती. "आधी मधोमध पांढुरकं दिसेल, मग अक्षरं लागायची थांबतील," असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. छापील पुस्तक त्यांनी केव्हाच मिटलं होतं. माझ्यावर मात्र चिंचोक्याएवढी अक्षरं करून त्या रोज दुपारी लिहीत. काय लिहीत, ते फक्त मला ठाऊक. त्यांची लेक राजश्री, म्हणजे मनस्विनीची आई, पोर दोन वर्षांची असतानाच गेली. घरात तिचं नाव निघालं की अनंतराव उठून बाहेर जात आणि इंदूबाईंचं वाक्य अर्ध्यावरच तुटे. बोलता येत नव्हतं म्हणून त्या लिहीत होत्या. नातीला आपली आई कळावी, एवढाच हट्ट. सायकलवरून पडल्यावर राजश्री गुडघ्यासाठी रडली नाही, हँडल वाकलं म्हणून रडली, असं सगळं त्यात होतं. एकसष्ट पानं झाली. त्यात राजश्रीचं लग्नही लागलं. मनस्विनीचा जन्म तेवढा यायचा होता.

मग एकदा त्यांच्या हातून माझ्यावर चहा सांडला. त्यांनी पुसला, पण साखर आत राहिली.

"काय इतकं दाबून राहिलीस? बोटं दुखतील," अनंतराव म्हणाले.

"लई चिकटलीत हो बटणं."

अनंतराव मनाने चांगले, पण कुणासाठी काही करायचं तर गुपचूप करायचं, ही त्यांची खोड. संक्रांतीच्या आधी इंदूबाई शेजारी बारशाला गेल्या, तेव्हा स्वतःच्या इन्सुलिनच्या सुईआधी कातडीला लावायचं स्पिरिट ते घेऊन आले. कापसाच्या बोळ्यावर चार थेंब घेतले असते तर मी आज धडधाकट असतो. त्यांनी बाटलीच ओतली. वर "निथळू दे" म्हणत मला मिटून पालथं घातलं. स्पिरिट फटीफटीतून स्क्रीनच्या आत शिरलं. संध्याकाळी त्यांनी उघडून पाहिलं तर बटणं सुरेख चालत होती आणि स्क्रीनच्या मधोमध दुधासारखा डाग पसरला होता. त्यांनी मला घाईने मिटलं, जागेवर ठेवलं आणि कुणाला काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दुपारी इंदूबाई माझ्यासमोर बसल्या. मधोमध पांढुरकं. त्यांनी चष्मा पुसला. अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली. भिंतीकडे पाहिलं, पण पांढऱ्या भिंतीवर पांढुरकं काय कळणार? मग त्यांनी मला हळूच मिटलं. बाई, हा डाग माझा आहे, तुमच्या डोळ्यांचा नाही, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं मला. पण आम्हाला तोंड कुठे असतं?

"आज लिहीत न्हाईस?" अनंतरावांनी दारातूनच विचारलं.

"न्हाई. झालं आता."

अनंतरावांना वाटलं, हिला सगळं कळलंय, आपलं मन राखायला बोलत नाही. इंदूबाईंना वाटलं, नजर गेली ती गेली, यांना सांगून जिवाला घोर कशाला लावा. दोघं एकमेकांना जपत राहिले आणि मी कपाटावर गेलो. खालचं सगळं दिसायचं मला. इंदूबाई मेथी निवडायच्या, दारात कोण आलं ते लांबून ओळखायच्या. पाडव्याची गुढी त्यांनी डोळे भरून पाहिली. वैशाख लागला आणि मग मात्र त्यांच्या डोळ्यांपुढे खरोखरच अंधार झाला.

सुट्टीत मनस्विनी आली. तिने मला खाली काढलं, वायर लावली.

"आजोबा, स्क्रीनवर हा पांढरा डाग कसला हो?"

"माझ्या हातून झालं," अनंतराव मान खाली घालून म्हणाले. "स्पिरिट ओतलं मी. तुझ्या आजीला ठावं हाय. एका शब्दानं बोलली न्हाई."

इंदूबाईंनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "डाग कुठं हाय?"

"मधोमध, आजी."

"कधीपासून?"

"संक्रांतीच्या आधीपासून," अनंतराव म्हणाले.

इंदूबाईंनी एकेक बोट मुडपलं. पौष, माघ, फाल्गुन, चैत्र.

"मग चार महिने दिसत होतं मला," त्या म्हणाल्या.

मनस्विनीने डाग चुकवत एकसष्ट पानं वाचली आणि पुढचं विचारलं. इंदूबाई तोंडाने सांगायला बसल्या, पण पहिल्या वाक्यालाच त्यांचा आवाज फुटेना. दोनदा प्रयत्न केला, मग नातीनेच विचारायचं सोडून दिलं.

मित्रांनो, आम्हाला पुसायचं तर आधी बंद करा, औषध बोळ्यावर घ्या, आमच्यावर ओतू नका. आणि चूक झालीच तर ती त्याच संध्याकाळी सांगून टाका. माझी स्क्रीन बदलून मिळेल, असं नांदेडचा दुकानदार म्हणतो. बदला म्हणायला आता घरात कुणाचं मन होत नाही.