आप्पा पाव वाजवतायत

मित्रांनो, भंगारवाल्याच्या आवारात पत्र्याखाली उताणा पडलेला तो पिवळट डबा दिसतो ना, तो मी. एकेकाळी मी पांढराशुभ्र होतो आणि मला एसी म्हणत. माझ्या शेजारी पाय मोडलेली खुर्ची आणि शिवणयंत्राचा सांगाडा पडला आहे, पण त्यांना स्वतःचीच दुखणी पुष्कळ. माझं कोण ऐकणार? म्हणून तुम्हाला सांगतो. गोष्ट हसण्यासारखी नाही, हे आधीच बजावून ठेवतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे तांब्याच्या नळ्या वाकवून माझं पोट तयार केलं आणि त्यावर पातळ पात्यांची जाळी चढवली. माझी अंगं दोन. एक खोलीत भिंतीवर, दुसरं बाहेर उन्हात. गार वारा आतल्या अंगातून येतो म्हणून सगळं कौतुक त्याचं. खरी मेहनत बाहेरच्याची, पण त्याला कबुतरांशिवाय कोणी विचारत नाही. घरोघरी हेच चालतं म्हणा. या दोन अंगांमधून नळ्यांतला गॅस फिरत असतो. खोलीतली उष्णता उचलायची, बाहेर नेऊन टाकायची आणि परत आत यायचं, एवढंच त्याचं काम. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. हा गॅस फिरतो. तो जळत नाही आणि वापरून संपतही नाही.

मला घरी आणलं ताईने. ताई म्हणजे आप्पांची थोरली लेक, एका शाळेच्या कचेरीत नोकरी करणारी. आप्पांनी सगळा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे काढला होता. त्यांच्या हातांवर केस म्हणून उरला नव्हता आणि भुवया कायमच्या अर्धवट. "जन्मभर भाजलात, आता जरा निवांत गार व्हा," असं म्हणून ताईने मला त्यांच्या खोलीत बसवलं. आप्पांना मी मुळीच आवडलो नाही. "वारा विकत आणलाय. उद्या ऊनही आणाल विकत," असं पुटपुटत ते माझ्याखाली आडवे झाले आणि बघता बघता घोरायला लागले.

आप्पांना एक खोड होती. भट्टीतून निघालेला पाव ते उलटा धरून बोटांच्या पेरांनी वाजवत. आवाज पोकळ आला की पाव आतपर्यंत भाजला, जड आला की पोटात कच्चा. बेकरी सुटली तरी ही खोड सुटली नाही. दारं, कपाटं, कलिंगडं, सगळं ते वाजवून बघत. मला तर रोज सकाळी काठीच्या मुठीने टकटक करून कान लावत. एकदा म्हणाले, "ताई, आज हा जड वाजतोय. याच्या पोटात काहीतरी आहे." ताईने झाकण उघडून पाहिलं, तर जाळीवर बोटभर धूळ. तिने जाळी धुतली आणि मी पुन्हा मोकळा श्वास घेऊ लागलो. तेव्हापासून आप्पांनी टकटक केली की घरातलं कोणीतरी स्टूल घेऊन धावायचं. ते माझे सोन्याचे दिवस होते. दुपारी सगळं घर त्या खोलीत गोळा व्हायचं आणि मला नावाजायचं.

मग एका सकाळी आप्पांचं उजवं अंग गेलं. वाचाही गेली. डॉक्टरांनी ताईला आणि तिच्या धाकट्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं, "यांच्या अंगाला आता उकाडा सोसणार नाही. तेवढी खोली गार ठेवा." म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर आली. धाकट्याने खिडकीच्या फटीसुद्धा चिकटपट्टीने बुजवल्या, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. माणसं चांगली होती, मित्रांनो. त्यांच्या मायेत खोट काढाल तर जीभ झडेल.

आप्पांचा डावा हात तेवढा हलत होता. त्या हाताने ते पलंगाच्या लोखंडी दांडीवर पेरांनी वाजवत. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा सगळे धावत आले. पाणी हवंय का, कूस बदलायची का, विचारून विचारून थकले. आप्पा नुसते बघत राहिले. मग धाकटा म्हणाला, "अगं ताई, कळलं का? आप्पा पाव वाजवतायत." ताईचे डोळे भरून आले. आप्पा मनाने अजून भट्टीवर आहेत, खुशीत आहेत, असं सगळ्यांना वाटलं. त्या वाक्याचा सगळ्यांना केवढा आधार झाला. टकटक ऐकू आली की कोणीतरी म्हणायचं, "आप्पा पाव वाजवतायत," आणि जो तो आपापल्या कामाला लागायचा.

मी समोरच्या भिंतीवर होतो, मला दिसत होतं. दांडी वाजवताना आप्पांची नजर कधी पाण्याच्या भांड्यावर असायची, कधी दाराकडे. पुढे पुढे ती माझ्यावरच असायची. कारण मी आजारी पडलो होतो आणि ते त्यांच्या अंगाला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं खपत नाही म्हणतात. त्या खोलीत न बोलणारे आम्ही दोघे होतो.

माझं दुखणं साधं होतं. बाहेरच्या अंगाखालचे रबराचे तुकडे उन्हाने झडून गेले होते, त्यामुळे ते अंग थरथरत असे. त्या थरथरीने नळीच्या तोंडाशी, पितळी नटाखाली, केसाएवढी चीर गेली आणि गॅस हळूहळू बाहेर जायला लागला. एका उन्हाळ्यात गॅस भरून घेतला, पण पुढच्या उन्हाळ्यात खोली पुन्हा पुरती गार होईना, तेव्हा ताईने एसीवाल्याला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. पण ऐन उन्हाळा, कानाला सतत फोन, आणि पुढच्या घरची माणसं खोळंबलेली. त्याने माझ्यापुढे हात धरला आणि म्हणाला, "गॅस संपलाय."

"गेल्या उन्हाळ्यातच भरला होता की," ताई म्हणाली.

"चालवला की संपतो, ताई. तुम्ही तर दिवसभर चालवता."

घरातल्यांना ते पटलं. स्वयंपाकघरातला गॅस नाही का संपत? संपला की दुसरा आणायचा. तसाच हाही. त्याने गॅस भरला आणि तो गेला. चीर जिथल्या तिथे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच झालं, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही.

आता त्या दिवसाचं सांगतो. सांगावंसं वाटत नाही, पण त्याशिवाय गोष्टीला अर्थ नाही.

उन्हाळा ऐन भरात होता. गॅस कमी झाला की माझ्या आतल्या नळ्या नको तितक्या थंड पडतात आणि त्यांच्यावर बर्फ धरतो. बर्फाने पात्यांच्या फटी बुजतात आणि वारा अडतो. म्हणजे बर्फ हे माझं दुखणं, मित्रांनो, माझी ताकद नव्हे. पण सकाळी धाकट्याने वर पाहिलं आणि तो खूश झाला. "ताई, इकडे ये. एसीत बर्फ जमलाय बघ. बाजारातल्या नव्या एसीच्या तोंडात मारेल आपला."

ताई ऑफिसला निघाली होती. तिने पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, मग आप्पांना गारठा बाधायचा." तिने कपाटातून जाड पांघरूण काढलं आणि आप्पांच्या गळ्यापर्यंत नीट खोचून दिलं. आप्पांनी डावा हात कसाबसा बाहेर काढला आणि दांडीवर वाजवायला सुरुवात केली. टक टक टक. नजर माझ्यावर.

"पाव वाजवतायत," ताई हसून म्हणाली. "आज स्वारी मजेत आहे." तिने त्यांच्या कपाळावर हात फिरवला, दार ओढून घेतलं आणि ती गेली.

माझा वारा बंद झाला. माझा हिरवा दिवा मात्र जळत होता, घरघरही चालू होती. बुजवलेल्या खिडकीवर ऊन आलं, भिंती तापल्या. आप्पा वाजवत होते. बाहेरच्या खोलीत धाकटा फोनवर कोणाशी तरी बोलत होता. मला त्याचे शब्द ऐकू आले, "हा आवाज ना? आमचे आप्पा. पाव वाजवतायत." नंतर वाजवणं जोरात झालं, मग विस्कळीत झालं, मग थांबत थांबत. आप्पांनी माझ्यावरची नजर काढली नाही. मला एक शब्द बोलता आला असता तर माझं सगळं तांबं मी त्यावरून ओवाळून टाकलं असतं.

आवाज थांबला तेव्हा धाकट्याने दार किलकिलं करून डोकावून पाहिलं. आप्पांचे डोळे मिटलेले होते. झोपमोड नको म्हणून त्याने दार हलक्या हाताने लावून घेतलं.

ताईने संध्याकाळी दार उघडलं, तेव्हा भट्टीचं झाकण उघडावं तशी वाफ तिच्या तोंडावर आली. "लाइट गेली होती का रे?" तिने ओरडून विचारलं. लाइट गेली नव्हती. पांघरूण ओलंचिंब होतं आणि आप्पांचा हात दांडीवरच होता. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "वय झालं होतं." कोणीच कोणाला दोष दिला नाही. मला तर कोण काय विचारणार!

उन्हाळा सरला. खोली धाकट्याने घ्यायची ठरली आणि त्याने एसीवाल्याला बोलावलं. बैल गेला आणि झोपा केला. आता त्याचा फोन वाजत नव्हता, हातात वेळ होता. त्याने एका वाटीत साबणाचा फेस केला, बाहेर जाऊन पितळी नटावर लावला आणि टक लावून बघत बसला. फेसात एक बुडबुडा फुगला आणि फुटला. मग दुसरा.

"हे काय?" ताईने खिडकीतून विचारलं.

"इथून गळतोय गॅस. नवीन तोंड करून बसवतो, मग बघायला नको."

"पण तुम्ही तर म्हणत होता, संपला."

"तसंच म्हणतात, ताई. बोलायची पद्धत आहे. संपतोय कुठे तो? गळला तरच कमी होतो." त्याने पुन्हा फेस लावला. "सीझनमध्ये साबण लावायला वेळ कुठे मिळतो? आणि काय हो, बर्फ धरत होता का?"

"धरत होता."

"मग लगेच बंद करून खिडक्या उघडायच्या होत्या ना. बर्फ धरला म्हणजे त्याचा वाराच बंद."

ताई खोलीत आली आणि आप्पांच्या रिकाम्या पलंगावर बसली. तिने वर माझ्याकडे पाहिलं, अगदी जिथून आप्पा पाहत तिथून. मग तिची बोटं दांडीवर गेली. तिने पेरांनी हळूच वाजवलं. टक टक टक. आणि तिला माझी धुळीने भरलेली जाळी आठवली असणार, काठीची मूठ आठवली असणार, कारण तिचा हात तिथेच थांबला.

"धाकट्या," ती म्हणाली, "आप्पा पाव वाजवत नव्हते रे."

धाकटा दारात उभा होता. तो तिथेच खाली बसला.

मी दुरुस्त झालो, मित्रांनो. पहिल्या दिवसासारखा गार वारा देऊ लागलो. पण ताईला तो वारा अंगावर घेववेना, आणि धाकटा त्या खोलीत एकदाही झोपला नाही. म्हणून मी इथे आलो. आमच्या जाळ्या धुवा, आमच्यावर बर्फ दिसला तर आम्हाला बंद करा आणि खिडक्या उघडा, एवढं मी माझ्या भाऊबंदांसाठी मागतो. दुसरं मागणं आप्पांचं आहे. तुमच्या घरात कोणी अंथरुणावरून काही वाजवत असेल, तर तो काय वाजवतोय हे तुम्हाला कितीही ठाऊक असलं, तरी उठा, आत जा, आणि त्याची नजर कुठे आहे ते बघा.