अंजिराचा चीक

सोमा भालेरावने आयुष्यभर वस्तू पाहिल्या, पण निसर्ग म्हणून काही पाहिलं असेल तर शपथ. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तो इन्स्पेक्शनला होता. टेबलावर आलेला नग उचलायचा, पुसायचा, उजेडात धरायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं. डोळा आणि नग यांच्या मध्ये काही येता कामा नये, तेलाचा ओघळसुद्धा नाही, ही त्याची शिस्त. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून नवराबायको बदलापूरला तळमजल्याच्या घरात आली. तिथे मागच्या दारी मातीची एक चिंचोळी पट्टी होती, ती द्रौपदीने ताब्यात घेतली. सोमा तिकडे टॉवेल वाळत घालण्यापुरता जायचा.

द्रौपदीने त्या पट्टीत काय नाही लावलं? अळू, गवती चहा, कर्दळ, आणि सासवडच्या मावशीकडून आणलेलं अंजिराचं रोप. त्या रोपाला फळ कधी धरलं नाही, पण पानं मात्र सुपाएवढी झाली. अंजिरासमोरच खिडकी आणि खिडकीच्या आत तिचं शिलाई मशीन. उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांचं काम ती कित्येक वर्षं घरी आणून करत होती. तिचा हात पाहून खूश झालेल्या एका सिंधी शेठने तिला दिवाळीत एक कात्री दिली होती. ती मशीनच्या खणात असायची आणि कापडाशिवाय कशालाही लावायची नाही, हा घरचा कायदा होता. मुलाने, सम्यकने, शाळेत असताना एकदा त्या कात्रीने कार्डशीट कापला, तर माउलीने त्याच्याशी अबोला धरला होता. कागदाने धार मरते, शिवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल.

मग हिवाळ्यात द्रौपदीला झटका आला आणि उजवं अंग गेलं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा बोलणं जड, हात मांडीवर ठेवल्या जागी पडलेला आणि चेहरा भिंतीकडे. व्यायाम घ्यायला ऋता नावाची मुलगी यायची. गोड बोलून, रागावून, हात जोडून ती थकली, पण द्रौपदी अंग हलवायला तयार नाही. एके दिवशी ऋताने सोमाला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, की हे सुरुवातीचे महिनेच खरे असतात. आता उठल्या नाहीत तर पुढे कायमचं अंथरूण समजा. सोमा ते ऐकून मोरीत गेला आणि नळ सोडून रडला.

त्याच सुमारास हैदराबादहून सम्यक येऊन गेला आणि जाताना आपला जुना कॅमेरा ठेवून गेला. आईला मागच्या दारचं काहीतरी दाखवत जा, म्हणाला. सोमाला आधी हे खूळ वाटलं. पण दुसऱ्या दिवशी कपडे धुवायच्या दगडाखाली एक भलाथोरला बेडूक दिसला, त्याचा त्याने फोटो काढला. कॅमेऱ्याची मागची काच द्रौपदीच्या डोळ्यांपुढे धरून तो गंभीरपणे म्हणाला, "आपले सोसायटीचे चेअरमन. पोट पुढे, निर्णय मागे."

द्रौपदीच्या ओठाची डावी कड हलली. हे हसू आहे की दुखणं, हे कळायला सोमाला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

मग काय, माणूस पेटला. फॅक्टरीत ज्याने कधी विनोद केला नाही, कँटीनमध्ये ज्याच्या टेबलाला पोरं बसायला घाबरायची, तो म्हातारा सकाळ-संध्याकाळ मागच्या दारी उकिडवा बसू लागला. एमआयडीसीकडून केमिकलचा वास आला तर नाकाला रुमाल बांधून बसायचा. समोरच्या इमारतीतल्या बकुळाताई गॅलरीतून जयभीम घालून हसायच्या, त्याला हा मान वर न करता हात दाखवायचा. कंपाउंडवर सरडा जोर काढताना सापडला, त्याचा फोटो दाखवत तो म्हणाला, "हा ऋताचा पेशंट. न सांगता व्यायाम करतो." सातभाईंचा कलकलता घोळका टिपला, ती महिला मंडळाची मीटिंग झाली. मुंगूस दूधवाला झालं, कारण दोघेही कुणाकडे न बघता घाईत जायचे. आणि कर्दळीमागून तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा भारद्वाज दमदार पावलं टाकत आला, तेव्हा सोमाला फॅक्टरीची आठवण झाली आणि तो म्हणाला, "जी.एम. साहेब राउंडवर." भारद्वाज दिसला म्हणजे चांगलं होणार, असं द्रौपदी अडखळत म्हणाली. झटक्यानंतरचं ते तिचं पहिलं पुरतं वाक्य होतं.

उन्हाळा लागला आणि अंजिरावर शिंपी पक्षी आले. मुठीत मावतील एवढे जीव, पण आवाज अख्ख्या गल्लीला पुरेल असा. त्यांनी अंजिराचं एक रुंद पान दुमडलं, कडांना चोचीने भोकं पाडली आणि कुठला कापूस, कुठला कोळिष्टकाचा दोरा आणून चक्क टाके घातले. सोमाने फोटो दाखवला तेव्हा द्रौपदीने डाव्या हाताने कॅमेरा जवळ ओढला. कितीतरी वेळ ती टाके बघत राहिली.

"टाका सैल आहे," ती म्हणाली.

"उल्हासनगरचा माल," सोमा म्हणाला. "एक्सपोर्ट क्वालिटी म्हणून खपेल."

ती मोठ्याने हसली. हसताना लाळ आली, ती तिने स्वतःच्या हाताने पुसली. त्या दिवसापासून चहा घेतानाही तिचा पहिला प्रश्न घरट्याचा. अंडी झाली, पिल्लं झाली. पानाच्या खिशातून तीन चोची वर आल्या की सोमा फोटो काढायला धावायचा. ऋताने संधी साधली आणि सौदा मांडला, की रोज घरट्याचा फोटो हवा तर व्यायामाला पाय तरी हलवा. द्रौपदीने थोडा विचार करून उलटा सौदा मांडला. पाय हलवीन, पण पिल्लं उडतील त्या दिवशी मी मशीनपर्यंत चालत जाईन. तिथे बसून रिकामं घरटं बघीन. तोवर मला उभं करायचं नाही. ऋताने सोमाकडे पाहून डोळे मिचकावले. सगळं आता तीन पिल्लांच्या पंखांवर येऊन ठेपलं होतं.

सोमा डोळ्यांत तेल घालून राखण करू लागला. मांजर आली की खराटा. कावळा बसला की टाळी. फोटो मात्र त्याच्या मनासारखे येत नव्हते. घरट्याच्या पुढे दोन-तीन मोठी पानं लोंबत होती, त्यामुळे कधी नुसती चोच दिसायची, कधी डोळा. द्रौपदी काही तक्रार करायची नाही, पण काच डोळ्याजवळ नेऊन शोधत राहायची. तिला शोधावं लागतंय, हे सोमाला बघवेना. नग दिसला पाहिजे, स्वच्छ दिसला पाहिजे. एका सकाळी तो बागेची कात्री शोधायला लागला. ती काही सापडली नाही. पिल्लांची आई चारा आणायला गेली होती आणि परत यायच्या आत काम उरकायला हवं होतं. त्याने खिडकीतून आत हात घातला, मशीनचा खण ओढला आणि हाताला लागली ती कात्री घेतली. तीन पानं खाली पडली. देठांतून पांढरा चीक ठिबकला. कात्री लेंग्याला पुसून त्याने होती तिथे ठेवून दिली आणि फोटो काढला.

फोटो अप्रतिम आला, हे मान्य करायला हवं. तिन्ही पिल्लं, उघड्या पिवळ्या चोची, टाक्यांची कड, सगळं लख्ख. द्रौपदीने तो पुन्हा पुन्हा पाहिला. पानं कुठे गेली, हे तिच्या लक्षात आलं नाही, कारण ती पिल्लांकडे बघत होती. सोमाने ह्या फोटोला नाव दिलं नाही, कारण तिला नावाची गरज पडली नाही.

पण जे द्रौपदीला दिसलं, ते बाकीच्यांनाही दिसलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी सोमा कॅमेरा डोळ्याला लावून बसला होता, तेव्हा कर्दळ हलली आणि साहेब राउंडवर आले. ह्या वेळी ते जमिनीवरून गेले नाहीत. अंजिराच्या फांदीवर चढले, थेट, जिथे आता आडोसा नव्हता तिथे. सोमाला ओरडायचं होतं. खराटा हाताशी होता. पण त्याचं बोट बटणावर होतं आणि बोटाने तेवढंच केलं, बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तो उठला तेव्हा पानाचा खिसा फाटून लोंबत होता आणि दोन्ही शिंपी जिवाच्या आकांताने ओरडत अंजिराभोवती फिरत होते. ते ओरडणं बराच वेळ चाललं. मग थांबलं.

त्याने ते फोटो पुसून टाकले. त्या घाईत बेडकाचाही फोटो पुसला गेला. आपण मारली, असं तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला, आणि मग आत द्रौपदी जागी असेल म्हणून तोंड दाबून धरलं.

तो दिवस त्याने कॅमेरा बिघडल्याचं सांगून काढला. पण नंतर द्रौपदीने विचारलंच. ती विचारत असताना तिची उजवी टाच गादीवर थोडीथोडी खाली-वर होत होती, ऋताने शिकवलेला व्यायाम ती आपणहून करत होती. सोमाने ते पाहिलं आणि खोटं बोलायचं ठरवलं. पिल्लं उडाली, तो म्हणाला. आज पहाटे. पहिलं पडलं, दुसरं कंपाउंडवर बसलं, तिसरं आईने चोच मारून हाकललं. तिसरं आपल्या सम्यकसारखं, घर सोडायला तयार नव्हतं. तो बोलत गेला, हात हलवत गेला, पिल्लाचा आवाजसुद्धा काढून दाखवला. घरट्याबाहेरचा एकच फोटो होता, तो मोठ्या शिंप्याचा, तारेवर बसलेला. तेच पिल्लू म्हणून त्याने दाखवलं.

द्रौपदी फोटोकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होती. मग म्हणाली, "उद्या मला उठवा."

दुसऱ्या दिवशी ती उठली. सोमाच्या खांद्यावर डाव्या हाताचा सगळा भार टाकून, उजवा पाय फरफटवत, मध्येच थांबून धापा टाकत ती मशीनपर्यंत गेली आणि स्टुलावर बसली. घामाने तिचा ब्लाउज भिजला होता. सोमाला हसू आणि रडू दोन्ही एकदम येत होतं. फाटलेलं पान त्याने आदल्या संध्याकाळीच दोऱ्याने नीट बांधून ठेवलं होतं, त्यामुळे खिडकीतून रिकामं घरटं रिकाम्या घरट्यासारखंच दिसत होतं. इन्स्पेक्शनच्या माणसाने काही सोडलं नव्हतं.

द्रौपदीने आधी घरट्याकडे पाहिलंच नाही. तिने मशीनवरचं कापड काढलं, चाकावर हात ठेवला, खण ओढला. बॉबिन, दोरे, माप घ्यायची पट्टी, आणि कात्री. सवयीने तिने ती उचलली आणि उघडायला गेली. पाती उघडेनात. डाव्या हातात जोर नाही म्हणून असेल, असं वाटून तिने मांडीवर दाबून पाहिलं. मग नाकाजवळ नेली. पात्यांवर तपकिरी चिकट थर वाळला होता. मग तिने खिडकीबाहेर पाहिलं. घरट्याच्या वर तीन देठ सरळ कापलेले होते.

"पानं तुम्ही कापली?"

सोमाने मान हलवली. फोटोत आड येत होती, तुला नीट दिसावं म्हणून, असं काहीतरी तो पुटपुटला. आणि एकदा बांध फुटल्यावर त्याने भारद्वाजही सांगितला, बटण दाबलेलंही सांगितलं. सांगून झाल्यावर तो खाली जमिनीवर बसला.

"पिल्लं गेली ते मला त्याच दिवशी कळलं," द्रौपदी म्हणाली. एकेक शब्द जड होता, पण एकही अडला नाही. "भिंतीपलीकडेच तर मी असते. ओरडणं ऐकलं. मग बंद झालेलं पण ऐकलं."

"मग आज उठलीस कशाला?"

"तुम्ही एवढं जीव तोडून खोटं सांगत होतात. म्हटलं, माणूस माझ्यासाठी करतोय, तर फुकट नको जायला." तिने कात्री मांडीवर ठेवली. "हे माहीत नव्हतं."

तिने खोबरेल आणि चिंधी मागितली. सोमाने आणून दिली आणि कात्री धरायला हात पुढे केला, तर तिने तो बाजूला केला. उजवा मेलेला हात तिने कात्रीवर वजनासारखा ठेवला आणि डाव्या हाताने चीक घासत बसली. बाहेर सातभाई कलकलत होते. त्यांच्यावर बोलायला सोमाला काही सुचलं नाही. पाती उघडली, मिटली, पुन्हा उघडली, तेव्हा तिने कात्री खणात ठेवली. मग तिने मशीनला धरून स्वतःला उभं केलं. सोमा खांदा द्यायला धावला.

"नको," ती म्हणाली. "आणि थोडे दिवस मला हसवू नका."

भिंत धरधरून ती एकटी खाटेपर्यंत गेली. सोमा मागे दोन्ही हात पुढे करून चालत होता, पण तिने एकदाही तोल जाऊ दिला नाही.

पुढच्या आठवड्यात ऋता आली, तेव्हा द्रौपदी भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरात जाऊन पाणी घेऊन आली. ऋताने टाळ्या वाजवल्या, मिठी मारली. एवढ्यात इतकी प्रगती तिने कुणाची पाहिली नव्हती. काकांनी नेमकं काय केलं, ते मला सांगाच, बाकीच्या पेशंटनाही उपयोगी पडेल, असं ती म्हणाली.

"विचार त्यांना," द्रौपदी म्हणाली आणि पेला खाली ठेवला.

सोमा चहा ठेवतो म्हणून आत गेला.