अकरा पन्नासला अडवलेला लंबक

मी एक जुने, विधानसभेच्या भिंतीवरचे घड्याळ आहे. मित्रांनो, माझ्या तोंडून एका माणसाने खोटे वदवले. त्याचे नाव लायसँडर प्रुइट, खाणींच्या परगण्यातून सात वेळा निवडून आलेला आमदार. त्याची तसबीर आता माझ्याच खाली टांगली आहे.

मला अमेरिकेच्या पूर्वेकडच्या कनेक्टिकट राज्यात घडवले. अक्रोडाची पेटी, पितळी लंबक. आधी बोटीतून, मग बैलगाडीतून इथे आणले. पहिल्या वर्षी सगळे माझ्याकडे बघून आपापली खिशातली घड्याळे लावत. पुढे तंबाखूच्या पिचकाऱ्या माझ्या भिंतीपर्यंत पोचल्या आणि माझी आठवण फक्त अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी होऊ लागली.

त्या दिवशी दुपारी बाराला सभा संपलीच पाहिजे, असा कायदा होता. काम उरले तर दारवान इनोक आकडीची काठी आणून माझा लंबक अडवायचा. टिकटिक थांबली की बारा वाजलेच नाहीत, असे सगळे धरून चालत.

अकरा पन्नास.

त्या वर्षी दोन विधेयके उरली होती. एक रेल्वेला जमीन देण्याचे. दुसरे, प्रत्येक कोळसा खाणीला बाहेर पडायची दुसरी वाट असावी, असे. ती वाट प्रुइटनेच पहिल्या निवडणुकीत कबूल केली होती. वर प्रेक्षकांच्या सज्जात हेस्टर गँट्री बसली होती. तिचा नवरा आणि दोन मुलगे त्याच खाणींत उतरत.

"इनोक, काठी आण," प्रुइट म्हणाला. त्याच्या खिशात रेल्वेचा फुकट पास होता.

अकरा पन्नास.

रेल्वेवर भाषणे झाली. डुकराचे मांस आणि मक्याची भाकरी आली. बाहेर चर्चच्या घंटेने तीन ठोके दिले. कोणी मान वळवली नाही.

अकरा पन्नास.

रेल्वे मंजूर. अध्यक्षांनी खाणीचा कागद उचलला, तसा प्रुइट खिशातले घड्याळ काढून उठला.

"अध्यक्ष महाराज, चार वाजले. कायदा मोडून आपण बसलोय कसे?"

"लायसँडर, मघाशी जेवताना कुठे होता रे तुझा कायदा?" मागून कोणीतरी म्हणाले.

"मघाशी भूक लागली होती. इनोक, सोड ते."

"साहेब, अजून दहा मिनिटं आहेत की."

"तू दारवान आहेस. दार बघ."

इनोकने काठीनेच माझा काटा बारावर ढकलला. माझे बारा ठोके पडले.

हेस्टरने प्रुइटला दारातच गाठले. "आमदारसाहेब, ती काठी आम्हाला द्या. खाली आग लागली तर आम्हीपण वेळ थांबवू."

"बाई, पुढच्या अधिवेशनात बघू."

पुढचे अधिवेशन जानेवारीत होते. आग नोव्हेंबरात लागली. बासष्ट माणसे एकुलत्या एका वाटेकडे धावली, आणि आग तिथेच होती. तिघेही गँट्री त्यांत होते.

जानेवारीत विधेयक एकमताने मंजूर झाले. मांडले प्रुइटने. म्हणून तसबिरीखाली कोरले आहे, 'खाणकामगारांचा कैवारी'. आणि नोंदवहीत लिहिले आहे, की त्या दिवशी सभा ठीक बारा वाजता संपली. पुरावा मी.

मित्रांनो, माझी काच पुसा. वेळेवर किल्ली द्या. माझ्या काट्यांकडे काठी येताना दिसली, तर ती धरा. आणि तेल भरपूर घाला. थोडे खाली गळते, नेमके त्याच्या चेहऱ्यावर.

ते पुसू नका.